कावा आणि राजीखुशी

'कावा' हा शब्द आज आपण बहुधा कपटाच्या किंवा डावपेचाच्या अर्थानेच वापरतो. गनिमी कावा आणि कावेबाज माणूस, एवढ्यापुरताच तो आपल्या बोलण्यात उरला आहे. परंतु जुने मराठी कोश उघडले म्हणजे त्याचा आणखी एक अर्थ सापडतो: घोड्याला गोल फिरवणे, वर्तुळात धरून दौडवणे. घोडदळाच्या दिवसांत हा रोजच्या कामाचा शब्द होता. घोडा शिकवायचा तर त्याला आधी काव्यावर धरत.

हे काम आजही चालते. जगभरच्या घोडेस्वारीच्या शाळांत शिकाऊ घोड्याच्या पाठीवर बसण्यापूर्वी जमिनीवर उभे राहून, लांब दोरीने त्याला वर्तुळात फिरवतात आणि 'कँटर' या चालीसाठी तयार करतात. या तयारीचा उद्देश सांगताना शिकवणारे नेहमी दोन विशेषणे वापरतात. घोडा मोकळ्या अंगाने धावला पाहिजे आणि राजीखुशीने धावला पाहिजे. पहिले विशेषण शरीराचे आहे, ते डोळ्यांनी तपासता येते. दुसऱ्यापाशी मात्र आम्ही थबकतो. 'मला पाठीवर बसवून घे,' असे घोड्याने माणसाला कधी सुचवलेले नाही. मग त्याच्या राजीखुशीला अर्थ किती? ती खरोखर त्याची खुशी, की गोडीगुलाबीने, सावकाश घडवून आणलेला कावाच?

प्रश्न रिकामपणाचा नाही. ६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनच्या महिलांच्या स्पर्धेत त्याचे एक उत्तर साऱ्या जगाने पाहिले. या खेळात स्पर्धकाला चिठ्ठीने मिळालेल्या अनोळखी घोड्यावर बसून अडथळे ओलांडावे लागत आणि त्या घोड्याशी ओळख करून घ्यायला अवघी वीस मिनिटे मिळत. आघाडीवर असलेल्या जर्मनीच्या अनिका श्लॉय हिच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. त्याच दिवशी तो आधीच्या एका स्वाराखालीही अडला होता. आता तो मैदानात जायलाच तयार होईना. स्वार रडत होती, चाबूक चालत होता, आणि कुंपणाजवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षिकेने घोड्याला मूठ मारली. तिला उरलेल्या ऑलिंपिकसाठी बाद करण्यात आले. पुढे या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकण्याचा निर्णय झाला; २०२४ ची पॅरिसची स्पर्धा तिची शेवटची ठरली. त्या वेळी बरीच चर्चा मुठीची झाली. आम्हांस वाटते, ती वीस मिनिटांची व्हायला हवी होती. ज्या कामाला महिने लागतात ते वीस मिनिटांत उरकायचे म्हटले, की शेवटी हाती चाबूकच राहतो.

महिने कशाला लागतात, हे समजायला ती चाल समजली पाहिजे. कँटर ही दुडकी आणि चौखूर धाव यांच्या मधली, तीन ठेक्यांची चाल. डाव्या अंगाच्या कँटरमध्ये उजवा मागचा पाय प्रथम टेकतो. मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकदम. मग डावा पुढचा. आणि मग क्षणभर चारही पाय अधांतरी. प्रत्येक झेपेच्या आरंभी सारे वजन एका मागच्या पायावर तोलले जाते. शिवाय या चालीत घोड्याचा श्वास पावलांशी बांधलेला असतो: एक झेप, एक श्वास. पुढचे अंग उचलले जाताना श्वास आत जातो, पुढच्या पायांवर भार येताना बाहेर पडतो. घोडा तोंडाने श्वास घेत नाही. त्याला नाकाचा एकच मार्ग. म्हणून सैल अंगाने धावणाऱ्या घोड्याची प्रत्येक झेपेसरशी येणारी फुरफुर जाणकार कान देऊन ऐकतात. भेदरलेला घोडाही धावतोच, किंबहुना अधिक वेगाने धावतो. पण मान वर, पाठ खाली दबलेली, शेपूट आवळलेली. ती धाव पळ काढण्याची असते. आणि मूळ अडचण हीच आहे, की घोडा हे शिकार होणारे जनावर आहे. वेग आणि भय ही त्याच्या रक्तात जोडीने येतात. त्यांना एकमेकांपासून सोडवायचे आणि वेग असूनही भय नाही अशी स्थिती त्याला परिचित करून द्यायची, हेच जमिनीवरच्या कामाचे खरे प्रयोजन.

म्हणून सुरुवात धावण्याने होतच नाही. सैल दोरीने शेजारून चालणे, माणूस थांबला की थांबणे, दोन पावले मागे सरणे, मागचे अंग बाजूला नेणे, म्होरकीवरच्या हलक्या ओढीला मान खाली सोडणे, अशी ही बाराखडी. पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटते. पण याच बाराखडीत घोडा एक गोष्ट शिकतो, तिच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत. त्यानंतर नाकावर कडी असलेली म्होरकी चढवून त्याला साधारण वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात घेतात. वर्तुळ याहून फार लहान करू नये. सांध्यांवर ताण येतो. आधी चाल, मग दुडकी, पुन्हा चाल. आवाजाच्या खुणेवर वेग वाढणे, आवाजाच्या खुणेवर उतरणे. आणि हे दोन्ही बाजूंना, कारण माणसाप्रमाणे घोड्याचीही एक बाजू सोयीची आणि एक अवघड असते. लांब चाबूक हाती असतो, पण तो खाली धरलेला, दिशा दाखवण्यापुरता.

दुडकी शांत आणि लयीत आली, आतला मागचा पाय पोटाखाली येऊ लागला, म्हणजे मग एखाद्या दिवशी कँटर मागायचा. येथे उतावळा माणूस हटकून चुकतो. घोडा लगेच उठला नाही की तो त्याला पिटाळतो. दुडकी अधिकाधिक वेगाची होत जाते आणि अखेर घोडा तोल जाऊन कँटरमध्ये कोसळतो. कधी पुढचे पाय एका अंगाचे आणि मागचे दुसऱ्या अंगाचे, अशी विस्कटलेली चाल निघते. जाणता माणूस अशा वेळी वेग कमी करतो, दुडकी पुन्हा सावरू देतो, आणि पुन्हा विचारतो. तीन-चार झेपा नीट आल्या की आवाजाने शाबासकी देऊन घोड्याला आपणहून चालीवर उतरू देतो, आणि त्या दिवसाचे काम तेथेच संपवतो. घोडा चांगला धावत असताना थांबायचे, ही गोष्ट सांगायला सोपी आहे.

आता या साऱ्याला राजीखुशी म्हणावे काय? घोडा शिकवणाऱ्याला जुन्या मराठीत चाबुकस्वार म्हणत. आपल्या पूर्वजांनी निदान हत्यार लपवले नव्हते. आजची भाषा सौम्य झाली आहे, तरी यंत्रणा मुळात तीच आहे. दोरीची ओढ, चाबकाचे टोक, माणसाच्या अंगाची चाल ही सारी घोड्याला थोडीशी नको असलेली असतात, आणि त्याने अपेक्षित उत्तर दिले की ती थांबतात. दाब आणि सुटका. प्रेमाने घोडा शिकतो असे जे लिहितात ते अर्धेच सांगतात, आणि आम्हांस हा अर्धेपणा चाबकापेक्षाही धोक्याचा वाटतो; कारण जो दाब आपण मान्य करत नाही त्याचे माप ठेवण्याची गरजही आपल्याला वाटत नाही.

तथापि दाब आहे म्हणून सारे दाब सारखे, असेही नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्या प्रयोगांचा निष्ठुरपणा आज कोणाला मान्य होऊ नये. त्यांतून दिसले ते मात्र विसरता येत नाही. काही कुत्र्यांना विजेचे झटके आपल्या हालचालीने थांबवता येत होते, काहींना काहीही केले तरी थांबवता येत नव्हते. पुढे पळून जाण्याची वाट उघडी असतानाही या दुसऱ्या गटातील बरेच कुत्रे जागचे हलले नाहीत. तेव्हा असे मानले गेले, की हे प्राणी हतबलता शिकले. सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे आपला सिद्धान्त उलटा केला. हतबलता शिकावी लागत नाही. दीर्घकाळ टळत नाही अशा दुःखापुढे निपचित पडणे हा प्राण्याचा मूळ प्रतिसादच आहे. शिकावे लागते ते हे, की माझ्या करण्याने काही बदलते.

जमिनीवरच्या बाराखडीत घोडा जी गोष्ट शिकतो असे वर म्हटले, ती हीच. मी मान खाली केली की ओढ थांबते. मी पाऊल टाकले की दोरी सैल होते. दाब माणसाच्या हाताने सुरू होतो, पण तो थांबवण्याची कळ घोड्यापाशी असते. सुटका अर्धा क्षण उशिरा आली, किंवा आलीच नाही, तर कळ त्याच्याकडून काढून घेतल्यासारखे होते. मग काही घोडे उधळतात आणि काही अगदी शांत होतात. हे शांत होणारे घोडेच आमच्या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग आहेत. ते बुजत नाहीत, अडत नाहीत, सांगितले की धावतात. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. माथेरानला किंवा महाबळेश्वरला पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या घोड्यांकडे पाहताना आपण 'किती गरीब जनावर' म्हणतो. त्या गरीबपणात समाधान किती आणि सोडून दिलेली आशा किती, हे जाता जाता कळत नाही. त्यासाठी कान, डोळ्यांवरची सुरकुती, आवळलेल्या नाकपुड्या यांच्याकडे थांबून पाहावे लागते.

बाह्य सौंदर्यही येथे भरवशाचे नाही. २०२४ च्या जुलैत, पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी असलेल्या ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिन हिने स्पर्धेतून माघार घेतली. काही वर्षांपूर्वीच्या एका शिकवणीत, विद्यार्थिनी घोड्यावर बसलेली असताना, जमिनीवर उभी राहून ती लांब चाबकाने घोड्याच्या पायांवर वीसहून अधिक फटके मारत असल्याचे चित्रण बाहेर आले होते. तिच्यावर वर्षभराची बंदी आली. ड्रेसाज या ज्या कलेत ती अग्रगण्य होती, तिचे सारे गुण घोड्याच्या सहज, सुसंवादी हालचालीला मिळतात. दूरदर्शनवर पाहणाऱ्या आपणांस ती नृत्यासारखी दिसते.

नृत्याची उपमा आमची नव्हे, फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफनने घोडेस्वारीवर लिहिताना, आपल्या आधीच्या सायमन नावाच्या लेखकाचा हवाला देऊन म्हटले आहे, की जबरदस्तीने करून घेतलेल्या गोष्टीत घोड्याला समज नसते आणि ती सुंदरही दिसत नाही, जसा फटके मारून नाचवलेला नर्तक सुंदर दिसणार नाही. घोडेस्वारीच्या शाळांत झेनोफनचे हे मत भक्तिभावाने सांगतात. त्याच पुस्तकात तो दोन लगाम बाळगायला सांगतो, एक गुळगुळीत आणि एक धारदार चकत्यांचा, हे सहसा सांगत नाहीत. खरबरीत लगामाचा त्रास झालेला घोडा गुळगुळीत लगामावर खुशीने चालतो, असा त्याचा हिशेब. म्हणजे राजीखुशी आणि कावा यांची गाठ पहिल्या धड्यातच पडलेली आहे. पुढे सोळाव्या शतकात नेपल्सच्या ग्रिसोनेने अडेल घोड्यांसाठी भयंकर शिक्षा लिहून ठेवल्या. आणि फ्रान्सच्या प्लुव्हिनेलने, तेराव्या लुईला स्वारी शिकवताना, शिक्षेत कंजूष आणि कौतुकात उदार राहण्याचा आग्रह धरला आणि घोड्याला स्वाराशिवाय एका खांबाभोवती फिरवून शिकवले. प्लुव्हिनेल आम्हांस जवळचा वाटतो. तो तरी घोड्याला 'नको' म्हणायला जागा ठेवत होता काय, हे मात्र विचारावेच लागते.

येथे मुलांचे संगोपन, कामगारांची शिस्त, असल्या गोष्टींकडे उडी मारण्याचा मोह अनेकांना होतो. आम्ही तो आवरतो. मूल मोठे होऊन आईबापांना जाब विचारू शकते. घोडा विचारणार नाही, आणि म्हणूनच त्याच्या बाबतीतली जबाबदारी निराळ्या जातीची आहे.

आमचे मत एवढेच बनले आहे, की 'नाही' म्हणता येत होते आणि ते ऐकले जात होते, तेथेच 'हो'ला राजीखुशी म्हणावे. काव्यावरचा घोडा आज तिसऱ्यांदाही कँटरला उठत नसेल, तर पाठ दुखते काय, खूर तपासले काय, जीन बसते काय, हे पाहणारा माणूस त्या 'नाही'ला उत्तर देत असतो. काही शिक्षक घोड्याला ओट्याशी आपणहून येऊन उभे राहायला शिकवतात आणि तो बाजूला सरला तर त्या वेळी पाठीवर चढत नाहीत. यात वेळ जातो, पैसाही जातो. भाड्याच्या घोड्यांच्या धंद्याला हे परवडणारे नाही, हे आम्ही जाणतो.

घोड्याला विचारता येते, याचा पुरावा मात्र आता आहे. २०१६ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी तेवीस घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवल्याचे प्रसिद्ध केले. एका पाटीचा अर्थ पाठीवर झूल घाला, दुसरीचा झूल काढा, तिसरीचा आहे तसेच राहू द्या. दोन आठवड्यांच्या आत सारे घोडे शिकले. पावसाच्या, थंडीच्या दिवशी ते झूल मागत. ऊन पडले की नाकाने दुसरी पाटी दाखवून ती काढायला लावत. त्या पाट्या झुलीच्या होत्या, स्वाराच्या नव्हत्या.