निम्मी उंची

‘जनुक निम्मं बंद झालं आहे’ हे वाक्य वनस्पतींमधल्या हिस्टोन-खुणांच्या चर्चेत सहज येऊन जातं, आणि म्हणूनच खटकतं. या खुणा मोजण्याची चिप-सीक ही पद्धत आता परिचित आहे. रोपं फॉर्मॅल्डिहाइडमध्ये बुडवून निर्वात पंप लावायचा, म्हणजे पानांतली हवा निघून द्रावण आत शिरतं आणि हिस्टोन ही प्रथिनं डीएनएशी जिथल्या तिथे जखडली जातात. मग क्रोमॅटिनचे तुकडे करून हवी ती खूण ओळखणाऱ्या अँटिबॉडीने ते वेचायचे आणि वाचायचे. आलेखावरचा उंचवटा खूण कुठे आहे ते नेमकं सांगतो. पण ती किती पेशींकडे आहे आणि एकेकीकडे किती आहे, हे दोन प्रश्न तो एकाच आकड्यात कालवून टाकतो. हजेरी निम्मी भरली म्हणून प्रत्येक मूल निम्मंच वर्गात बसलेलं नसतं.

अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपातलं एफएलसी हे जनुक फुलोरा रोखून धरतं. थंडीचे आठवडे वाढतील तशी, ऊब परतल्यावर, त्यावरची एच३ हिस्टोनच्या २७व्या लायसिनवरची, जनुक बंद ठेवणारी त्रिमिथाइल खूण वाढलेली दिसते. चढ अगदी पायरीपायरीचा. मात्र २०११मध्ये मार्टिन हॉवर्ड, कॅरोलिन डीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकेका पेशीत जनुक एक तर चालू असतं, नाही तर बंद. चढते ती बंद पेशींची संख्या.

यावर उत्साही मंडळींचं उत्तर ठरलेलं: एकेक पेशी वाचा, सरासरीचा प्रश्नच मिटेल. ऐकायला पटतं. पण द्विगुणित पेशीत एका जनुकाच्या प्रती असतात साधारण दोनच. वाचनात शून्य आलं तर खूण नव्हती की हातून निसटली, हे कळणार कसं? मग सारख्या पेशींचे गट करून आकडे पुन्हा एकत्र करावे लागतात, म्हणजे सरासरी मागच्या दाराने परत येतेच. शिवाय २०१५मध्ये एफएलसीच्या दोन प्रतींना वेगवेगळे रंग दिले, तेव्हा एकाच पेशीत एक प्रत चालू आणि दुसरी बंद आढळली. म्हणजे ज्या पेशीला शेवटचा साक्षीदार मानायचं, तीसुद्धा दोघांची सरासरीच. सरासरीवरचा राग इथे लटका पडतो. २०११च्या त्या शोधातही थंडीचे आठवडे बदलत मोजलेल्या उंचीवरूनच गणिती प्रतिमान उभं राहिलं. पेशी रंगवून केलेली खात्री त्याच्या जोडीला आली. तेव्हा निम्मी उंची खोटं बोलत नव्हती. ‘निम्मं काय?’ हे तिला विचारायचं राहून गेलं होतं.