षड्ज बाजारात मिळत नाही

इलेक्ट्रॉनिक्स शिकू लागलेल्या मुलांच्या किटमध्ये बहुधा ५५५ नावाची आठ पायांची आयसी असते. हान्स कामेनझिंड या स्विस अभियंत्याने १९७१मध्ये तिची रचना केली. ब्रेडबोर्डवर ती बसवायची आणि कपॅसिटर, रेझिस्टर, बटणं, छोटा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी जोडायची. कपॅसिटर भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. सेकंदाला हे जितक्या वेळा होईल तितका सूर चढा. बटण दाबलं की आवाज निघतो, मुलं हरखतात आणि तास संपतो. मला वाटतं, खरं शिकणं तिथून सुरू व्हायला हवं.

आवाज निघणं वेगळं आणि स्वर लागणं वेगळं. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ किलोओहमचा एक कायमचा रेझिस्टर धरला, तर २४० कंपनांच्या षड्जासाठी बटणामागे २९.५ किलोओहम लागतात. ३२०च्या मध्यमासाठी नेमके २२. आता दुकानात विचारा. २२चा रेझिस्टर लगेच पुढ्यात येतो, २९.५चा नाही, कारण नेहमीच्या मालेत २७नंतर एकदम ३३ येतो. मध्यम आयता मिळाला, षड्ज मात्र प्रीसेटचा, म्हणजे रोध कमीजास्त करता येणाऱ्या छोट्या रेझिस्टरचा, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत कानानेच लावायचा.

गणितही इथे किती सुरेल आहे! बटणामागच्या रोधाची दुप्पट करून त्यात तो कायमचा १ मिळवा: षड्जाला ६०, पंचमाला ४०, तार षड्जाला ३०. पंचम दोन तृतीयांशावर, तार षड्ज निम्म्यावर. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’मध्ये वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरस्थानं सांगितली, तारेवरचं प्रमाणही हेच. शिवाय कपॅसिटर छापलेल्या आकड्याहून दहा टक्के कमीजास्त निघाला, तरी सगळे स्वर एकदम सरकतात, त्यांचं आपसातलं नातं तसंच राहतं. आपला षड्ज मुळातच गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो, त्यामुळे इथे काहीच बिघडत नाही.

शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची योजना २०१६मध्ये आली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. सामान त्यातून येतं. कान कुठून आणायचा? निदान आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हा प्रश्न पडू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं इथल्या गावांच्या अंगवळणी पडलेली आहेत. घाटंजी असो, दारव्हा असो, भजनी मंडळातला पेटीवाला पंचम किंचित उतरला तरी मान हलवतो. त्याला ओहमचा नियम ठाऊक नसेल, पण प्रीसेट कुठे थांबवायचा हे तोच सांगेल. २४०च्या षड्जाला प्रमाणाने गंधार ३००चा येतो, पण बहुतेक पेट्यांचा गंधार या प्रमाणाहून जरासा चढा असतो. आकड्याने लावलेला गंधार आणि पेटीचा गंधार एकामागून एक ऐकवले, तर तो फरक मुलांनाही कळेल, आणि त्याचं कारण विज्ञानाच्या सरांना सांगावं लागेल.

या यंत्राचा आवाज कर्कश असतो, हे खरं. मैफलीसाठी ते नाहीच. पण ज्या मुलीने सगळे प्रीसेट स्वतः लावले, तिला रोध आणि सूर दोन्ही कळले, असं मी म्हणेन.

तेव्हा सर, मॅडम, पुढच्या वेळी किट उघडाल तेव्हा गावातल्या पेटीवाल्या काकांना निरोप धाडा. त्यांना पेटीसकट बोलवा आणि स्क्रू फिरवणाऱ्या मुलांच्या शेजारी बसवा.