कवळी तोंडात रुळायला वेळ द्या

कोऱ्हाळे बुद्रुकचा परिसर नीरा डाव्या कालव्याचा, सोमेश्वर कारखान्याला ऊस घालणारा. इथल्या आजच्या म्हाताऱ्यांनी लहानपणी बांधावर बसून उसाची कांडी दातांनी सोलून खाल्ली आहेत. कवळी बसवली की तेच दात परत आले, असं त्यांना वाटतं. मग पहिल्याच जेवणाला पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडायला जावं, तर कवळी मागून उचलते, हिरडीला बोचते आणि आठवडाभरात डबीत जाऊन पडते.

दात हाडात रोवलेला असतो. कवळी हिरडीवर नुसती टेकलेली. ओल्या काचेवर ठेवलेली काच जशी सहज सुटत नाही, तशी वरची कवळी लाळेच्या पातळ थराने टाळूला धरून राहते. खालचीला टेकायला जागा थोडी, त्यात जीभ तिला सारखी ढकलते. तिला सांभाळायचं ते गालांनी, ओठांनी आणि जिभेनेच. जन्मभर न केलेलं काम म्हातारपणी शिकायचं, त्याला काही आठवडे लागणारच. शिवाय पूर्ण कवळीचा चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या जेमतेम पाव हिस्सा असतो. हे आधी सांगितलं तर निम्मी निराशा टळेल, असं मला वाटतं.

सुरुवातीला लाळ फार सुटते, कारण तोंड कवळीला अन्नच समजतं. ती आपोआप कमी होते. आधी मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी. मग बारीक घास दोन्हीकडच्या दाढांनी एकदम चावायचे. ‘स’ आणि ‘फ’ अडखळतात, तर रोजचा हरिपाठ मोठ्याने म्हणावा. बोचलं तर घरी कानस लावू नये. डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी कवळी घालून ठेवावी, म्हणजे लाल झालेली जागा त्यांना दिसते. आणि मिसरीने ती घासू नये, चरे पडतात.

एवढं सारं करायला घरच्यांचा धीर लागतो. वृद्धांच्या तोंडाचं आरोग्य जोखायला 1990 मध्ये अमेरिकेत ॲचिसन आणि डोलन यांनी 12 प्रश्न तयार केले. चावता येतं का, हे त्यांत आहेच. पण चारचौघांत जेवताना अवघडता का, दातांपायी लोकांत मिसळणं कमी केलंत का, हेही आहे. “आबा, आटपा की लवकर,” असं ताटावर दोनदा ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा भूक नाही म्हणतो, आणि पुढे लग्नाच्या पंगतीलाही जात नाही.

2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, कर्णयंत्राबरोबर कवळीही मिळते, ही फार चांगली गोष्ट आहे. पण काठी हातात दिली की काम झालं, तसं कवळीचं नाही. नंतरच्या दोन-चार खेपा कुणी तरी करवून घ्यायला हव्यात. हिरडीखालचं हाडही झिजत राहतं, पहिल्या वर्षी जास्त आणि खालच्या जबड्यात अधिक. चांगली बसलेली कवळी काही वर्षांनी हलू लागली, तर ती आतून भरून घेता येते.