दिवसांचा हिशेब

गर्भधारणा झाल्याचे मराठीत ‘दिवस गेले’ किंवा ‘दिवस राहिले’ अशा शब्दांत सांगितले जाते, आणि ती होऊ नये म्हणून घ्यायच्या काळजीविषयी तरुण मुलेमुली आपापसांत बोलतात तेव्हा त्यांच्याही तोंडी ‘सेफ दिवस’ हाच शब्द असतो. प्रजननाचा सारा व्यवहार भाषेने असा दिवसांच्या मोजणीत बसवला आहे. मोजण्याची ही कल्पना मुळात चुकीची नाही, कारण स्त्रीशरीराचे हे कार्य खरोखरच दिवसांच्या लयीत चालते. परंतु मोजणी कोठून सुरू करायची आणि तिच्यावर किती भिस्त ठेवायची, या दोन प्रश्नांवर शास्त्राने गेल्या शंभर वर्षांत जे शोधले ते अजून घराघरांत पोहोचलेले नाही.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ म्हणजे एक ऋतुचक्र. या चक्रात एकदा अंडाशयातून एक पक्व अंडपेशी बाहेर पडते, त्याला अंडमोचन म्हणतात, आणि ही अंडपेशी फार तर एक दिवस फलनक्षम राहते. शुक्रपेशी मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, त्यामुळे संबंध सोमवारी येऊनही फलन शुक्रवारी होऊ शकते. अंडमोचनापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो आणि त्यात एरवी फारसा बदल होत नाही. बदलतो तो पाळीपासून अंडमोचनापर्यंतचा काळ, जो परीक्षेचे दडपण, आजारपण, वजनातील चढउतार किंवा प्रवास यांनी आठवडाभरही पुढे जाऊ शकतो. म्हणजे अंडमोचनाचा दिवस खात्रीने मोजायचा तर तो पुढच्या पाळीपासून मागे मोजावा लागतो, आणि पुढची पाळी कधी येणार हे तर आधी कळत नाही. कॅलेंडरवर खुणा करून सुरक्षित दिवस काढण्याच्या पद्धतीतील सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

ही मोजणी माणसाला सहजासहजी सापडलेली नाही. मनुस्मृतीने ऋतुकाल पाळीच्या आरंभापासून सोळा रात्रींचा मानला होता, आणि त्यामागचा हेतू गर्भ टाळण्याचा नसून तो राहावा, तोही शक्यतो मुलाचा, असा होता. एकोणिसाव्या शतकातील युरोपातल्या अनेक डॉक्टरांनी तर कुत्रीच्या माजाच्या काळातील रक्तस्रावाशी स्त्रीच्या पाळीची सांगड घालून पाळीच्या आगेमागेचे दिवस गर्भधारणेचे आणि चक्राच्या मधले दिवस निर्धोक, असा नेमका उलटा निष्कर्ष काढला होता. त्यांच्या सल्ल्याने वागलेल्या जोडप्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते. मागून मोजण्याचा नियम १९२४ साली जपानमधील निइगाता येथे काम करणाऱ्या क्यूसाकू ओगिनो यांनी मांडला आणि त्यानंतर चारच वर्षांत ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे मांडला. ज्यांच्या नावाने ही पद्धत जगभर ओळखली गेली त्या ओगिनोंचाच गर्भ टाळण्यासाठी तिचा वापर करण्याला विरोध होता, कारण तीत चूक होण्याचे प्रमाण त्यांना ठाऊक होते.

पुढे १९९५ साली अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांच्या लघवीची रोज तपासणी करून असे दाखवले की गर्भधारणा अंडमोचनाचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस, अशा सहा दिवसांतील संबंधांतूनच झाली होती. हे सहा दिवस चक्रात कोठे पडतात हे त्याच गटाने नंतर तपासले, तेव्हा ठरीव तक्त्याप्रमाणे दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आतच ते पुरते बसलेल्या स्त्रिया सुमारे ३० टक्केच निघाल्या. ज्यांची पाळी घड्याळासारखी येते असे त्या स्वतः सांगतात त्यांनाही हा निष्कर्ष लागू होता. ‘सेफ दिवस’ नसतात असे यातून सिद्ध होत नाही. ते असतात, पण बहुतेक वेळा ते मागाहूनच कळतात. पाळीच सुरू झालेली नसेल तरीही गर्भ राहू शकतो, कारण अंडमोचन पाळीच्या आधी होते. पहिली पाळी येण्यापूर्वी किंवा बाळंतपणानंतरची पाळी परतण्यापूर्वी दिवस गेल्याचे जे प्रकार ऐकू येतात त्यांत चमत्कार काहीच नाही.

चक्रातील कोणत्याही एका दिवशी साधन न वापरता आलेल्या एका संबंधातून गर्भ राहण्याची सरासरी शक्यता सुमारे तीन टक्के आहे. हा आकडा ऐकून दिलासा वाटावा, आणि घात तेथेच होतो. शंभरांतील सत्त्याण्णव वेळा काहीच घडत नाही, म्हणून दोनतीनदा निभावून नेलेल्या तरुणाला आपला हिशेब बरोबर आहे, आपण ‘वेळेवर थांबतो’ किंवा आपल्या बाबतीत काही होत नाही, अशी खात्री वाटू लागते. प्रत्यक्षात त्याला त्याच्या कौशल्याचा नव्हे तर केवळ संभाव्यतेचा अनुभव आलेला असतो. हेच संबंध वर्षभर कोणत्याही साधनाविना चालू राहिले तर शंभर जोडप्यांपैकी सुमारे ८५ जणांना दिवस जातात. तीन आणि पंच्याऐंशी हे एकाच वास्तवाचे दोन आकडे आहेत, आणि त्यांच्यामधील नाते समजण्यासाठी शरीरशास्त्राइतकीच गणिताची गरज आहे.

मराठीत हा विषय उघडपणे आणणारा माणूस गणिताचा प्राध्यापक असावा, हा म्हणूनच निव्वळ योगायोग वाटत नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्या मासिकावर अश्लीलतेचे खटले भरले गेले आणि त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांचे वेगळेपण साधनांच्या प्रचारात जितके आहे त्याहून अधिक ते कामजीवन आणि प्रजनन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट मराठीत मांडण्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने हा विषय हाती घेतला तो मात्र दुसऱ्या टोकाने. १९५२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम झाला, त्याचे नाव ‘कुटुंबनियोजन’ पडले, आणि ज्याला अद्याप कुटुंबच नाही असा विशी-बाविशीतला माणूस त्या शब्दाच्या बाहेर राहिला. कार्यक्रमाची खूण असलेला लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर दिसू लागला, १९६८ मध्ये ‘निरोध’ पंधरा पैशांना तीन मिळू लागले, तरी प्रत्यक्ष भर राहिला तो शस्त्रक्रियेवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतल्याचे दिसते. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ०.३ टक्के आहे. या आकड्यांतून घरातील एक पोकळी दिसते, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. लग्न, एक-दोन मुले आणि मग ‘ऑपरेशन’, एवढाच ज्या आईचा अनुभव आहे तिच्याजवळ गोळी, तांबी किंवा निरोध यांविषयी लेकीला सांगण्यासारखे काही नसते. ती गप्प राहते ती केवळ लाजेने नव्हे, तर तिला स्वतःलाच ते कोणी सांगितलेले नसते म्हणून. शाळेनेही ही उणीव भरून काढली नाही. किशोरवयीनांसाठीच्या शिक्षणक्रमाला २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी विरोध केला तो संस्कृतीच्या नावाने.

साधनांविषयी ऐकीव माहिती भरपूर असते, पण ते हाताळण्याचे ज्ञान नसते. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘माला-एन’ गोळ्यांचे पाकीट उलगडून पाहिले तर त्यात २८ गोळ्या दिसतात: २१ संप्रेरकाच्या आणि शेवटच्या सात वेगळ्या रंगाच्या लोहाच्या. या सात गोळ्यांत गर्भनिरोधक असे काहीच नसते. रोजची सवय मोडू नये आणि रक्त वाढावे एवढ्यासाठी त्या असतात. त्यामुळे लोहाची एखादी गोळी राहिली तर बिघडत नाही, परंतु नव्या पाकिटातील पहिल्या गोळ्यांना उशीर झाला तर आधीच सात दिवस संप्रेरकाविना गेलेल्या अंडाशयाला आणखी सवड मिळते आणि अंडमोचन होऊ शकते. नेमकी तीच चूक सर्वांत सोपी असते, कारण जुने पाकीट संपते तेव्हा नवे घरात असतेच असे नाही. निरोधाचेही तसेच आहे. दुकानदाराने कागदात गुंडाळून पुढे सरकवलेले पाकीट तारीख न पाहताच खिशात जाते, पैशांच्या पाकिटात महिनोन्महिने उष्णतेने आणि दाबाने झिजते, आणि वापरताना कोणी खोबरेल तेल लावले तर लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होते. काटेकोर वापरात निरोध वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वर्षभरात दोघांना दिवस जातात, प्रत्यक्ष वापरात सुमारे तेरा जणांना. या दोन आकड्यांमधील अंतर रबराच्या दोषापेक्षा अशा हाताळणीतून आणि ‘आज राहू दे’ या वाक्यातून निर्माण होते. तेराचा हा दर पाच वर्षे तसाच राहिला असे क्षणभर धरले तर जवळपास निम्म्या जोडप्यांचा हिशेब चुकतो. अनुभवाने दर खाली येतो हे खरे. पण तरुणांपाशी नेमका अनुभवच नसतो. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांपासून संरक्षण देणारे साधन निरोधच असल्याने त्याला पर्याय नाही, म्हणून गोळी किंवा तांबी यांच्या जोडीने तो वापरणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो. तांबी बसवलेल्या शंभरांत वर्षाला एकीलाही क्वचितच दिवस जातात, आणि मूल न झालेल्या स्त्रीलाही ती बसवता येते, ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते.

संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीविषयी तर दुहेरी गैरसमज आहे. ही गोळी, म्हणजे दीड मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल, अंडमोचन पुढे ढकलते; ते होऊन गेले असेल तर तिचा उपयोग जवळजवळ राहत नाही, आणि गर्भ रुजला असेल तर ती तो पाडत नाही. म्हणून तिला गर्भपाताची गोळी म्हणणारे जितके चुकतात तितकेच ती घेतली की चिंता मिटली असे मानणारेही चुकतात. बहात्तर तासांची मुदत पाकिटावर छापलेली असली तरी प्रत्येक तासाला मोल असते. शिवाय ती घेतल्यानंतर त्याच चक्रात पुन्हा निष्काळजीपणा झाला तर पुढे ढकललेले अंडमोचन नेमके तेव्हा गाठ घालू शकते.

गर्भ राहण्याच्या भीतीची दुसरी बाजू म्हणजे तो पुढे राहणारच नाही ही भीती. ‘पहिले मूल होईपर्यंत गोळ्या नकोत, पिशवी खराब होते’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. गोळ्या थांबवल्यावर किंवा तांबी काढल्यावर प्रजननक्षमता परत येते. तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शननंतर मात्र तिला काही महिने लागतात, आणि हे आधी सांगणे डॉक्टरचे काम आहे. प्रजननक्षमतेला खरा धोका उपचाराविना राहिलेल्या जंतुसंसर्गाचा असतो, ज्याने अंडनलिका बंद होतात. याहून घातक समज पीसीओएस असलेल्या मुलींबाबत दिसतो: पाळी अनियमित असल्याने ‘तुला मूल होणे अवघड’ असे कोणीतरी सांगून ठेवते, आणि अवघड म्हणजे अशक्य असा अर्थ लावून ती मुलगी साधनच वापरत नाही. अशा मुलीच्या शरीरात अंडमोचन विरळ होते, परंतु होते, आणि कधी होईल याचा अंदाज तिला इतरांहून कमी असतो. मुलग्यांना तर प्रजननक्षमता ही आपलीही बाब आहे असे कोणी सांगतच नाही; मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषातील कारण एकटे किंवा जोडीने असते, तरी तपासणीच्या रांगेत आधी उभी राहते ती सून.

शेवटी दिवसांची मोजणी कायद्याच्या दारात येते. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने साधन निकामी ठरल्याच्या कारणात ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आला, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले, आणि २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काही स्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत मिळणारी मुभा अविवाहित स्त्रियांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. सज्ञान स्त्रीला यासाठी आईवडिलांची किंवा जोडीदाराची संमती लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती आणि पोक्सो कायद्यातील कळवण्याचे बंधन हे वेगळे प्रश्न उभे राहतात. पण हे आठवडे मोजले जातात ते संबंधाच्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणून जिची पाळी ठरल्या दिवशी आली नाही आणि जिने त्याच सकाळी घरी पट्टीवर तपासणी करून दोन रेषा पाहिल्या, तिच्या वीस आठवड्यांपैकी चार आठवडे त्याआधीच संपलेले असतात.