परत गोळी?

गोळी बंद झाली त्या दिवशी घरात पेढे आले होते. घर रावळपाड्यातलं म्हणा, केतकीपाड्यातलं म्हणा, पश्चिमेला कांदरपाड्यातलं म्हणा. दहिसरमध्ये अशी घरं एकदोन नाहीत, आणि ती शेजारच्याला पत्ता लागू देत नाहीत. मुलगा कधीकाळी गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढायचा. पन्नीवर पूड, खाली काडी, तोंडात नळी. त्यानंतर काही वर्षं जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. मग डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवत आणला आणि एक दिवस तीही थांबली. आता दोनेक वर्षांनी तोच मुलगा म्हणतोय, परत सुरू करू का? घेतलेलं काही नाही. पण रात्र सरत नाही, पगाराच्या दिवशी छाती धडधडते, स्टेशनबाहेर जुना सोबती दिसला की पाय त्याच्या मागे वळू बघतात. आई ऐकून घेते आणि एवढंच म्हणते, "म्हणजे परत पहिल्यापासून?"

आईचं चुकलं असं म्हणवत नाही. आपल्या सगळ्यांच्याच मनात याची एक उतरंड ठरलेली असते. गर्द म्हणजे नरक, गोळी म्हणजे अर्धी सुटका आणि काहीच न घेणं म्हणजे खरी सुटका. या हिशेबात परत गोळी म्हणजे घसरणच. फक्त ही उतरंड आपण लावलेली आहे, त्याच्या शरीराने नव्हे.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांना या आजाराची खरी ओळख ऐंशीच्या दशकात झाली. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या मदतीतून १९८६ साली मुक्तांगण उभं राहिलं, डॉ. सुनंदा अवचटांनी ते स्वतःच्या हाताने वाढवलं. या माणसांनी एक गोष्ट आपल्या डोक्यात पक्की भरली, की व्यसनी माणूस वाईट नसतो, आजारी असतो. आज हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण आजार म्हणायला तयार असलेलं घर औषधाचं नाव निघताच बिथरतं. योगासनं कर, चालेल. व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगला जा, चालेल. शिर्डीला पायी जा, फारच छान. गोळी मात्र नको, कारण ती घेतली तर मग तू सोडलंस काय?

ही गोळी करते काय, ते एकदा नीट पाहायला हवं. गर्द मेंदूतल्या ज्या जागा पकडतं त्याच जागा ब्युप्रेनॉर्फिनही पकडतं, पण घट्ट पकडतं आणि काम अर्धवटच करतं. म्हणून टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा शारीरिक त्रास, येत नाही, ओढ मंदावते, आणि नशेचा तो झटकाही येत नाही. डोस वाढवत नेला तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही. असर दिवसभर पुरतो. गर्दचा काही तासांत उतरतो, त्यामुळे ओढणाऱ्याचा अख्खा दिवस पुढच्या पुडीच्या मागे जातो. गोळीवरचा माणूस सकाळी जिभेखाली गोळी ठेवतो, ती विरघळेपर्यंत गप्प बसतो आणि कामावर जातो. दुसरं औषध मेथाडोन. न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी त्याचा अनुभव १९६५ मध्ये वैद्यकीय जगासमोर ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. आपल्याकडे नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन दिलं जातं, आणि मेथाडोन देशात ज्या मोजक्या ठिकाणी आधी सुरू झालं त्यांत परळचं केईएम होतं.

स्वीडनमधला एक अभ्यास माझ्या मनातून जात नाही. २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चाळीस माणसं, सगळी हेरॉइनवरची. समुपदेशन सगळ्यांना सारखंच. वीस जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या वीस जणांचं औषध सहा दिवसांत उतरवून पुढे नुसती दिसायला गोळी. वर्षाअखेर पहिल्या गटातले पंधरा जण उपचारांत टिकले होते. दुसऱ्या गटात एकही नाही, आणि त्यातले चार जण तर हयातच नव्हते. हे वाचल्यापासून कुणालाही "मन खंबीर कर" म्हणताना जीभ अडखळते. अर्थात तो अभ्यास नुकतं सोडू पाहणाऱ्यांवरचा. दोन वर्षं काहीही न घेता काढलेल्या माणसाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

त्याचा धोका वेगळा आहे, आणि घरच्यांना नेमका तोच ठाऊक नसतो. रोज ओढणाऱ्याचं शरीर हळूहळू निबर होतं. जो डोस तुम्हाआम्हाला मारील तो त्याला पचतो. सोडल्यावर हा निबरपणा काही आठवड्यांतच ओसरू लागतो. आठवण मात्र ओसरत नाही. एखाद्या वाईट संध्याकाळी माणूस जुन्या सवयीने जुनंच माप घेतो, ते सवय मोडलेल्या शरीराला झेपत नाही आणि श्वास मंदावत जातो. तुरुंगातून सुटलेले आणि केंद्रातून घरी परतलेले लोक पहिल्या काही आठवड्यांत दगावतात ते याच कारणाने. म्हणजे हा मुलगा जितका जास्त काळ स्वच्छ राहिला, तितकी त्याची एक चूक महाग पडणार. घर समजतं, दोन वर्षं झाली, आता धोका टळला.

म्हणून गोळी सरळ सुरू करावी का? एवढं सोपं असतं तर तो विचारत बसला नसता. डॉक्टर समजावताना मधुमेहाची उपमा देतात. साखरेची गोळी जन्मभर घेतोच ना आपण? उपमा दयाळू आहे, पण अपुरी. मधुमेह्याला रोज सकाळी केंद्रावर रांगेत उभं राहावं लागत नाही. त्याची गोळी चुरून कुणी जिभेखाली टाकत नाही, आणि ती विरघळली की गालात दडवली हे बघायला "आ कर, जीभ वर कर" असंही कुणी म्हणत नाही. असं बघण्यामागे कारण आहे. गोळ्या बाहेर विकल्या जातात, टोचूनही घेतल्या जातात. पण अडतीस वर्षांच्या माणसाला तोंड उघडून दाखवायला लाज वाटली, तर त्यात त्याचा आजार बोलत नसतो. २०२०च्या टाळेबंदीत घरी न्यायला डोस मिळू लागले तेव्हा अनेकांना प्रथमच कळलं, की हे असंही देता येतं. त्यात हे औषध नाक्यावरच्या केमिस्टकडे सहसा मिळत नाही. दहिसरहून पहाटेची लोकल पकडून केंद्र गाठायचं, तिथून नोकरीवर, आणि उशीर झाला तर साहेबाला काय सांगायचं? शिवाय गोळीचीही शरीराला सवय लागते. ती अचानक सोडली तर टर्की येतेच, सौम्य असली तरी लांबते. बद्धकोष्ठ आणि घाम तर असतातच. एकदा सोसून सोडलेली गोष्ट परत धरायला तो कचरतो, यात समंजसपणा आहे.

मीटिंगमधली अडचण आणखी नाजूक. काही ठिकाणी गोळीवर असलेल्याचे दिवस स्वच्छ म्हणून धरत नाहीत. ज्या माणसाने वर्षाच्या वाढदिवसाला टाळ्या घेतल्या त्याला पुन्हा पहिल्या खुर्चीवर बसायचं जिवावर येतं, मग तो गोळी तरी लपवतो नाही तर मीटिंग तरी सोडतो. मला विचाराल तर दोन्ही वाईट, पण मीटिंग सुटणं जास्त वाईट. ज्या गटाला गोळी चालते असा गट शोधावा. मुंबईत माणसं कमी नाहीत.

निर्णय कोणी घ्यायचा, यावर माझं मत ठाम आहे. वडिलांच्या निग्रहाच्या गोष्टींनी नाही, बायकोच्या रडण्याने नाही, पेढे वाटले होते त्यांच्या तोंडाकडे बघून तर नाहीच. तो आणि त्याचा डॉक्टर. आणि त्या खोलीत फक्त हो किंवा नाही एवढंच नसतं. नॅल्ट्रेक्सोन आहे, ते गर्दला त्या जागांवर बसूच देत नाही, पण ते रोज नेमाने घ्यावं लागतं आणि शरीरात अफूजन्य काही नसतानाच सुरू करता येतं. झोपेचा, उदासीचा वेगळा उपचार आहे. कित्येकदा ओढ म्हणून जे सांगितलं जातं ते न ओळखलेलं नैराश्य निघतं. ब्युप्रेनॉर्फिनच ठरलं तर दोन वर्षांपूर्वीच्या डोसवर उडी मारायची नाही, अगदी कमीपासून सुरुवात करायची. किती महिने घ्यायची हे पहिल्याच दिवशी ठरवायची घाई तर मुळीच नको. लवकर थांबवायची तारीख ठरवून सुरू केलेली गोळी बहुधा त्या तारखेच्या धाकातच घेतली जाते.

कुठे जायचं हेच ठाऊक नसेल तर १४४४६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

आणि खरं उत्तर द्यायचा एक प्रश्न. डॉक्टर विचारतील, शेवटचं कधी घेतलंस? दोन वर्षांपूर्वी, असेल तर तसं सांगावं. काल रात्री, असेल तर तसं, तेही तासांत. कारण गर्द शरीरात ताजं असताना ब्युप्रेनॉर्फिन दिलं तर ते गर्दला जागेवरून ढकलून देतं आणि टर्की थोड्याच वेळात अंगावर कोसळते. म्हणून निदान बारा तास जाऊ देतात आणि लक्षणं दिसू लागली की मगच पहिली गोळी देतात. आई सोबत गेली असेल, तर या प्रश्नापुरतं तिने बाहेर बाकावर बसावं. तिच्यासमोर तो आकडा बदलतो.