सालीत आणि बीत

निफाड-दिंडोरीत द्राक्षाची पारख डोळ्यांनी आणि बोटांनी होते. मणी किती मिलिमीटरचा, साल दाताला लागते का, ब्रिक्स म्हणजे साखर किती. एकेकाळी नाशकात बियांची भोकरी होती. मग थॉमसन सीडलेस आली, तिच्यातूनच निवडलेली तास-ए-गणेश आली. बी गेली, साल नाजूक झाली, जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या डिपिंगनं मणी फुगला. खाणाऱ्याच्या जिभेला काहीही आडवं येऊ नये, या ध्यासानं दोन-तीन पिढ्या राबल्या. ते कर्तृत्व मोठंच आहे.

पण जुनी, मुख्यतः मेर्लो या द्राक्षजातीची रेड वाईन चाखताना या ध्यासाची दुसरी बाजू समोर येते. नीट थंडाव्यात दहा-बारा वर्षं राहिलेली वाईन ग्लासात तिरकी धरली, की कडेचा जांभळा रंग विटकरी झालेला दिसतो. तरुणपणीचं जांभूळ-करवंद मागे सरलेलं असतं; खारीक, काळे मनुके, तंबाखूचं पान, चामडं असे वास पुढे येतात. तुरटपणा असतो, पण तो हिरड्यांना ओढत नाही, जिभेवर मऊ पसरतो. हा रंग आणि हा तुरटपणा येतो साल आणि बी यांच्यातून. रंगद्रव्यं सालीतली, टॅनिन सालीतलं आणि बीतलं. वर्षानुवर्षं हे रेणू एकमेकांत गुंततात, काही जड होऊन तळाशी गाळ बनून बसतात. खाण्याच्या द्राक्षातून आपण जे काढून टाकलं, तेच वाईनला आयुष्य देतं. म्हणून वाईनच्या बागेत मणी लहान हवा असतो: गर कमी, साल जास्त.

मेर्लो मात्र या हिशेबात सरळ बसत नाही. कॅबर्ने सोव्हिन्योंपेक्षा तिची साल पातळ, आंबटपणा कमी. 2009 मध्ये डीएनए तपासणीतून तिचं कूळ उलगडलं: बाप कॅबर्ने फ्रँक आणि आई माग्दलेन न्वार दे शरांत, फ्रान्समध्ये जवळजवळ विसरली गेलेली वेल. ही आई फार लवकर पिकणारी. मेर्लोही कॅबर्ने सोव्हिन्योंच्या आधी तयार होते. तिला मवाळ म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ आहेत, आणि मला ते पटत नाही. बोर्दोतल्या पोमरॉलच्या थंड चिकणमातीत वाढलेली, जवळजवळ निव्वळ मेर्लोची पेत्र्यूस ही वाईन अनेक दशकं टिकते. साल महत्त्वाची खरी, पण ती कोणत्या मातीत आणि हवेत पिकली हेही तितकंच महत्त्वाचं.

इथंच नाशिकची खरी परीक्षा आहे. बोर्दोत द्राक्ष पिकतं तेव्हा हवा थंडावत जाते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची, फळासाठीची गोडी छाटणी, आणि मण्यात पाणी उतरून गोडी भरेपर्यंत थंडी सरायला लागते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात साखर धावते, आंबटपणा झरझर उतरतो, बी मात्र अजून हिरवी असू शकते. लवकर तोडलं तर तुरटपणा कच्चा, थांबलं तर वाईन बोजड. मेर्लोचं लवकर पिकणं इथं उपयोगी पडावं, असं मला वाटतं. ऊन तापायच्या आत बी तपकिरी होण्याची थोडी तरी संधी तिला मिळते. कावनईच्या व्हॅलोनेसारख्या वायनरीनं मेर्लो केली, ती म्हणूनच मला मोलाची वाटते.

नाशिकची मेर्लो अशी मुरते का, याचं उत्तर मिळायला वेळ हवा आणि तोच आपल्याकडे कमी आहे. 1997 मध्ये राजीव सामंत यांनी सुला वायनरीसाठी ज्या जाती लावल्या त्या पांढऱ्या वाईनच्या, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. 2001 मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं. 2008 नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा अनेक बागायतदारांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. कर्जाचा हप्ता दरवर्षी येतो. दहा वर्षांनी फळणाऱ्या गुणासाठी शेतकऱ्यानं एकट्यानं का थांबावं? त्यात बाटली मे महिन्यात दुकानाच्या तापलेल्या फळीवर उभी राहिली, तर ती मुरत नाही, नुसती शिजते.

म्हणून हे काम वायनरींनीच हाती घ्यावं. प्रत्येक हंगामाच्या मेर्लोच्या काही पेट्या विक्रीतून वगळून पंधरा अंशांच्या आसपास ठेवाव्यात. सोबत गोडी छाटणीची तारीख, तोडणीची तारीख, त्या दिवशीची साखर आणि आंबटपणा लिहावा. दहा वर्षांनी त्या उघडताना ज्याच्या बागेतली द्राक्षं होती, त्या शेतकऱ्याच्या हातात पहिला ग्लास द्यावा आणि पुढच्या छाटणीची तारीख त्याच्याशी बोलून ठरवावी.