आपले आणि आमचे

फ्रेंच भाषेत बापाला 'पेर' म्हणतात, आईला 'मेर'. 'सों पेर' म्हणजे त्याचा बाप आणि तिचाही. 'सा मेर' म्हणजे त्याची आई आणि तिचीही. मालकी सांगणारा शब्द तिथे मालकाचे लिंग पाहत नाही, पुढच्या नामाचे पाहतो. मराठी दोन्हींकडे पाहते. 'त्याचा' आणि 'तिचा' वेगळे, पुन्हा 'त्याचा', 'त्याची' वेगळे.

स्वतःच्या देहाबाबत तर फ्रेंच माणूस बहुधा 'माझे' म्हणतच नाही. हात धुतले हे सांगताना त्याच्या वाक्याचा घाट 'मी स्वतःला हात धुतले' असा असतो. जे निर्विवाद आपले, तिथे हक्क सांगावा लागत नाही. शंका असते तिथेच 'माझे' मोठ्याने उच्चारले जाते.

खरा पेच अनेकवचनात आहे. समोरच्याला धरून बोलायचे तर मराठीत 'आपले', त्याला वगळून बोलायचे तर 'आमचे'. फ्रेंचमध्ये दोन्हींसाठी 'नोत्र' हा एकच शब्द. त्याचेच सर्वनाम 'ले नोत्र', म्हणजे आमची माणसे. की आपली?

मार्च 2004 मध्ये फ्रान्सने सरकारी शाळांत धर्माची ठळक चिन्हे धारण करण्यास कायद्याने मनाई केली. मुलींचा हिजाब आणि शीख मुलांची पगडी त्यात आली. शाळा सर्वांची, म्हणून तिथे धर्माची खूण नको, असे समर्थक म्हणाले. सर्वांची, म्हणूनच ज्याला जसे यायचे तसे येऊ द्या, असे विरोधक म्हणाले. दोघांचाही शब्द 'नोत्र'च. हिजाब घेणाऱ्या मुलीने त्यात आपण धरले गेलो की वगळले गेलो, हे कशावरून ओळखावे?

आपल्या भाषेत अशी पळवाट नाही. 'हा देश आमचा' असे कुणी आपल्याला सुनावले, तर एका शब्दाने आपण उंबऱ्याबाहेर जातो, आणि ते आपल्याला लागते. ते लागणे रास्तच आहे. पण हाच हिशेब आपणही द्यायला हवा. नमाज आमची आहे. शेजाऱ्याने तिला आपली म्हणावे असा आग्रह नको. मात्र मोहल्ल्यातला रस्ता, विहीर, शाळा आणि ही मराठी, यांच्याविषयी शेजाऱ्याशी बोलताना आपल्या तोंडी कोणता शब्द येतो? या गोष्टी अल्लाहने सोपवलेली अमानत मानतो, तर अमानतीला 'आमची' म्हणून कुंपण घालता येत नाही. दुसऱ्याकडून 'आपले' ऐकण्याचा हक्क मागणाऱ्याने ते आधी स्वतः म्हणायला हवे.